राबाची आच आणि मातीतला कर्ब

एप्रिल-मेमध्ये शहापूर किंवा मुरबाडकडे गेलात तर खाचरांच्या कोपऱ्यात काळे चौकोन दिसतील. शेण, पालापाचोळा, झाडांचे टहाळ, पेंढा असे थर रचून भाजलेली ही जागा म्हणजे राब. पाऊस लागला की तिथे भाताचे बी पडते. माती परीक्षणाच्या कागदावर आज ‘सेंद्रिय कर्ब’ (म्हणजे कार्बन) आणि ‘नत्र’ (नायट्रोजन) असे रकाने असतात. ठाणे जिल्ह्यापुरती त्यांची गोष्ट या काळ्या चौकोनांपासूनच सांगायला हवी.

राबाचा अभ्यास सुरू झाला तो जंगलावरच्या भांडणातून. राबासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटल्या जात आणि जंगलखात्याला ते खपत नसे. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतला टहाळाचा हक्क हा आयोगापुढचा मोठा प्रश्न होता. भारतीय शेतीची पाहणी करायला आलेल्या जॉन व्होल्कर यांनीही १८९३ च्या अहवालात राबाची दखल घेतली. पुढे १९१२ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राबपद्धतीवर स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध केला. अडाणी म्हणून हिणवलेल्या रीतीची कोणीतरी प्रयोगशाळेत नीट चौकशी केली, हे मला फार मोलाचे वाटते.

चौकशीचा काळही अनुकूल होता. १९०९ मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रसेल आणि हचिन्सन यांनी दाखवले होते की माती तापवली की तिच्यात अमोनिया वाढतो. आचेने बरेच सूक्ष्मजीव मरतात, त्यांच्या शरीरातला नत्र मोकळा होतो आणि तगलेले जीवाणू तो रोपांना मिळेल अशा रूपात आणतात. तणाचे बी जळते, राखेतून पालाश (पोटॅश) मिळते. म्हणून राबावरचे रोप तरतरीत उठते. पण शेणातला आणि टहाळातला बहुतेक कर्ब आणि नत्र धुरावाटे जातो. रोपवाटिकेच्या चार हातांसाठी सगळ्या खाचराचे खत जळते.

लावणीनंतरच्या खाचरातले कोडे वेगळे होते. वर्षानुवर्षे खत न घालताही भात थोडाफार पिकतो, तो कशाच्या जोरावर? १९३९ मध्ये पी. के. डे यांनी दाखवले की साचलेल्या पाण्यातली निळी-हिरवी शेवाळे हवेतला नत्र बांधतात. उलट वरून फेकलेला युरिया टिकत नाही, याचा उलगडा जपानी संशोधनातून झाला. चिखलाच्या वरच्या पातळ थरात प्राणवायू असतो, तिथे अमोनियाचे नायट्रेट बनते. ते खाली प्राणवायू नसलेल्या थरात झिरपले की जीवाणू त्याचा वायू करून टाकतात.

कोकणातल्या चारसूत्री या भातलागवडीच्या पद्धतीचा पाया इथेच आहे. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या या पद्धतीत युरिया आणि डीएपी या खतांची २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या) मध्ये ७ ते १० सेंटिमीटर खोल खुपसायची, म्हणजे नत्र त्या वरच्या थराच्या खालीच राहतो. त्याआधी गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या झाडाचा हिरवा पाला चिखलात गाडायचा. पालाच का, याचे उत्तर कर्ब-नत्राच्या प्रमाणात आहे. पेंढ्यात नत्राच्या साठ-सत्तर पट कर्ब असतो. तो ऐन लावणीला गाडला तर कुजवणारे जीवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळे पडते. गिरिपुष्पात हे प्रमाण पंधराच्या आसपास असल्याने तो लवकर कुजून नत्र देतो. माझ्या मते चारसूत्रीतले हे सूत्र सर्वांत कमी समजावले गेले.

मुरबाडच्या शेजारच्या कर्जत तालुक्यात, नेरळला, चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र उभे केले. त्यात गादीवाफ्यांवर बी थेट टोकतात, म्हणून राब, चिखलणी, लावणी काहीच लागत नाही. कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू देतात, वाफे मोडत नाहीत. तणनाशकाचा वापर हा त्यावरचा गंभीर आक्षेप आहे आणि तो मला रास्त वाटतो. मुळांमुळे कर्ब किती साठतो, हे मात्र एका हंगामात कळत नाही. त्यासाठी त्याच वाफ्यातली, त्याच खोलीवरची माती वर्षामागून वर्ष तपासावी लागते.