सर्वांत तापलेला ग्रह बुध नव्हे, शुक्र

सूर्याला सर्वांत जवळचा म्हणून बुध हा सर्वांत उष्ण ग्रह, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. हे चूक आहे. तो मान शुक्राचा, आणि शुक्र तर सूर्यापासून बुधाच्या जवळपास दुप्पट अंतरावर आहे.

अंतरावरून ऊन किती मिळणार ते ठरतं. मिळालेली उष्णता टिकणार का, हे वातावरणावर अवलंबून असतं. बुधाला वातावरण जवळजवळ नाहीच. त्यामुळे दिवसा ४३० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली जमीन रात्री उणे १८० पर्यंत गार पडते. ध्रुवांजवळच्या ज्या विवरांत ऊन कधीच पोहोचत नाही, तिथे तर चक्क बर्फ आहे! शुक्राभोवती मात्र कार्बन डायऑक्साइडचं जाड आवरण आहे, दाब पृथ्वीच्या ९० पटींहून अधिक. उष्णता आत कोंडून राहते. दिवस असो वा रात्र, जमीन सुमारे ४६५ अंशांवर, शिसंही वितळेल. १९८२ मध्ये तिथे उतरलेलं सोव्हिएत ‘व्हेनेरा १३’ यान दोन तासांच्या आसपासच तग धरू शकलं.

दुसऱ्या टोकालाही अंतराचा नियम मोडतो. सर्वांत दूर नेपच्यून, पण ग्रहांच्या वातावरणातलं सर्वांत कमी तापमान, उणे २२४, नोंदलं गेलं ते युरेनसवर. नेपच्यूनच्या पोटातून बरीच उष्णता बाहेर येत राहते, युरेनसच्या पोटातून फारच थोडी.