ऑनलाइन उच्च शिक्षण (नाशिक)

महाविद्यालयात रोज हजेरी न लावता इंटरनेटच्या आधारे पदवी, पदव्युत्तर पदवी किंवा पदविका मिळवण्याची पद्धत म्हणजे ऑनलाइन उच्च शिक्षण. नाशिकमध्ये तिची मुळे मोबाइल येण्याच्या बऱ्याच आधी, मुक्त शिक्षणाच्या कामात सापडतात.

गंगापूर धरणाजवळच्या गोवर्धन शिवारात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय आहे. १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालेले हे देशातले पाचवे मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू राम ताकवले. ज्यांचे नाव विद्यापीठाला दिले, ते यशवंतराव १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद विद्यापीठाने शब्दशः पाळले. मराठीतली स्वयं-अध्ययनाची पुस्तके, ठिकठिकाणच्या महाविद्यालयांतली अभ्यासकेंद्रे, सुट्टीच्या दिवशीची संपर्कसत्रे आणि बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम, अशी घडी त्याने बसवली. शाळा मध्येच सुटलेल्या कितीतरी गृहिणी आणि नोकरदार त्यातून पदवीधर झाले. पुढे तंत्रज्ञान बदलले, तेव्हा घरी बसून शिकता येते हे इथल्या लोकांना नव्याने पटवून द्यावे लागले नाही.

ऑनलाइन पदवीला देशपातळीवर नियमांची चौकट मिळाली ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांमुळे. त्याआधी ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारचे ‘स्वयम’ व्यासपीठ सुरू झाले होते. त्यावरचा प्रत्येक अभ्यासक्रम चार अंगांचा असतो : व्हिडिओ व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वतःला तपासून पाहण्याचे स्वाध्याय आणि शंकांसाठी चर्चापीठ. शिकणे मोफत, परीक्षेला मात्र शुल्क. २०२० च्या टाळेबंदीत सगळीच महाविद्यालये पडद्यावर आली आणि ऑनलाइन शिक्षणाविषयीचा संकोच ओसरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे एकत्रित नियम आले. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीचीच धरली जाईल, हे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा वेळेचा आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्याला सकाळचे कॉलेज झेपत नाही, कारण या आठवड्यात पहिली पाळी असली तर पुढच्या आठवड्यात रात्रपाळी असते. तोच माणूस रात्री अकराला व्याख्यान लावतो, ताळेबंदाचे उदाहरण कळले नाही तर थांबवून मागे नेतो आणि वहीत स्वतः सोडवून पाहतो. वर्गात तेच उदाहरण चार-चारदा विचारायचे धाडस सहसा होत नाही. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदार घरातल्या मुलामुलींना ऑक्टोबरची गोडी छाटणी सांभाळून अभ्यास मागेपुढे करता येतो. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडला खोली घेऊन राहण्याचा आणि मेसचा खर्च वाचतो. लग्नानंतर शिक्षण थांबलेल्या बाईसाठी तर ही अनेकदा एकमेव वाट असते, आणि ऑनलाइन शिक्षणाचे मोल ठरवताना हीच गोष्ट आधी मोजायला हवी. शैक्षणिक श्रेयांक बँक ही विद्यार्थ्याच्या पूर्ण झालेल्या अभ्यासाची डिजिटल नोंद ठेवणारी व्यवस्था आहे. तिच्यामुळे मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) खात्यावर जमा राहतात, त्यामुळे मध्येच खंड पडला तरी केलेला अभ्यास वाया जात नाही.

मर्यादाही खऱ्या आहेत. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, विधी यांसारख्या पदव्या ऑनलाइन घेता येत नाहीत. प्रत्यक्ष हाताखाली शिकण्याला तिथे पर्याय नाही. सुरगाणा-पेठच्या डोंगराळ पाड्यांवर रेंज हा रोजचा प्रश्न आहे. घरात एकच स्मार्टफोन असला, तर तो आधी कोणाच्या हातात जातो हेही सांगायला नको. पदवी स्तरावरचे चांगले साहित्य अजून बहुतांशी इंग्रजीत आहे. मुक्त विद्यापीठाने मराठी पुस्तकांवर जी मेहनत घेतली, तशीच व्हिडिओ व्याख्यानांवर झाली पाहिजे. नाहीतर मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्याच सत्रात गळतो. सोबतीचा प्रश्नही आहे. एकट्याने अभ्यास रेटणे अवघड जाते, म्हणून अभ्यासकेंद्रे आणि समुपदेशक आजही लागतात.

प्रवेश घेण्याआधी संस्था आणि तो विशिष्ट शिक्षणक्रम आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या त्या वर्षाच्या यादीत आहे का, हे पाहावे. संस्थेला मान्यता आहे म्हणजे तिच्या प्रत्येक शिक्षणक्रमाला ती आहे असे नसते. आता प्रवेशासाठी विद्यार्थ्याला याच विभागाच्या संकेतस्थळावर स्वतःचा ओळख क्रमांक काढावा लागतो, आणि तो श्रेयांक बँकेच्या खात्याशी जोडलेला असतो.