मालदीवसारख्या छोट्या देशाला भारताकडून कर्ज कसं मिळतं: अर्ज कोणी करायचा, कागद काय लागतात

जुलै २०२५ मध्ये मोदी मालदीवची राजधानी मालेला गेले, तेव्हा मालदीवसाठी ४८५० कोटी रुपयांची लाइन ऑफ क्रेडिट जाहीर झाली आणि लगेच सगळीकडे सुरू झालं की एवढे पैसे उचलून देऊन टाकले. तसं काही नसतं हो. ही मर्यादा असते, तिच्यातून एकेक प्रोजेक्ट पास करून घ्यावा लागतो, आणि पैसे मालदीवच्या खात्यात जातच नाहीत, काम करणाऱ्या भारतीय कंपनीला एक्झिम बँक, म्हणजे भारत सरकारची आयात-निर्यात बँक, इथेच देते, परतफेड मात्र मालदीव सरकार करतं. आधीच्या मोठ्या लाइन्स, म्हणजे २०१९ ची ८० कोटी डॉलरची आणि २०२० ची ४० कोटी डॉलरची, डॉलरमध्ये होत्या, ही रुपयात आहे. डॉलरचा कायम तुटवडा असलेल्या देशाला हा फरक मोठा आहे. त्याच भेटीत जुन्या कर्जाचा वर्षाचा हप्ता ५.१ कोटी डॉलरवरून २.९ कोटींवर आणला, त्यावरून ओझं किती होतं ते कळतं.

आता पात्रता. अर्ज फक्त सरकार करू शकतं. बेटावरची कौन्सिल, तिथली कंपनी, आपला कंत्राटदार, कोणीच थेट करू शकत नाही. मालदीव सरकारचा प्रस्ताव मालेतल्या भारतीय उच्चायुक्तालयात जातो, तिथून दिल्लीत परराष्ट्र मंत्रालय, मग अर्थ मंत्रालय, आणि मंजुरी मिळाली की एक्झिम बँक, जिचं मुख्य ऑफिस आपल्या कफ परेडला आहे, ती करार करते. या योजनेचं नाव आयडियाज. व्याज बाजारभावापेक्षा कमी असतं आणि मधला फरक भारत सरकार बँकेला भरून देतं. २०१५ च्या नियमांत सगळ्यात गरीब देशांना १.५ टक्के, २५ वर्षं, त्यातली पहिली ५ वर्षं मुद्दल नाही, असं होतं, आणि देशाचं उत्पन्न वाढेल तशी मुदत कमी आणि व्याज जास्त. मालदीव २०११ मध्येच अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला, त्यामुळे त्याला सगळ्यात स्वस्त दर मागता येत नाही. जागतिक बँकेकडे मात्र छोट्या बेटांसाठी १९८५ पासून अपवाद आहे, उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं तरी सवलतीचं कर्ज मिळू शकतं. म्हणून प्लॅनिंग करताना दोन्ही दारं बघायची, एकाच दारात रांग लावून बसायचं नाही.

कागदांत सगळ्यात जड म्हणजे डीपीआर, प्रोजेक्टचा सविस्तर अहवाल. खर्चाचा तपशील, तांत्रिक व्यवहार्यता, जागा ताब्यात आहे का, पर्यावरण मंजुरी, वेळापत्रक, काम झाल्यावर देखभाल कोण करणार, सगळं त्यात हवं. माझ्या मते गाडी इथेच अडते. वस्ती असलेली बेटं जेमतेम २०० च्या आत, लोकसंख्या ५ लाखांच्या आसपास, आणि प्रत्येक बेटाला वेगळं पाणी, वेगळा सांडपाण्याचा प्लांट, वेगळी जेटी लागते. २०१९ च्या लाइनमधला पाणी-ड्रेनेजचा प्रोजेक्ट एकटा ३४ बेटांवर पसरलेला आहे, म्हणजे साइट ३४, आणि प्रत्येक पाइप बोटीने न्यायचा. मुंबईतल्या दराने इस्टिमेट काढलं तर पहिल्याच पावसाळ्यात बोंब होणार. वाळू आणि खडीसुद्धा भारतातून जाते, २०२४-२५ साठी दोन्हींचा कोटा प्रत्येकी १० लाख टन होता. पण त्यामुळे एक अट सोपी होते, कंत्राटाच्या किमतीतला किमान ७५ टक्के माल आणि सेवा भारतातल्या असायला हव्यात, अगदीच अपवाद म्हणून १० टक्क्यांपर्यंत सूट.

करार झाल्यावर मालदीवच्या बाजूने कायदेशीर अभिप्राय आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र लागतं, ते आल्याशिवाय लाइन चालू होत नाही.

तांत्रिक मदतीचा रस्ता वेगळा आणि खूप सोपा आहे. आयटेक, म्हणजे परदेशी लोकांना भारतात ट्रेनिंग देणारा भारत सरकारचा कार्यक्रम, १९६४ पासून चालू आहे. इथे माणूस स्वतः अर्ज करतो, वय साधारण २५ ते ४५, पदवी किंवा डिप्लोमा, थोडा कामाचा अनुभव, कामापुरतं इंग्रजी. पोर्टलवर फॉर्म भरायचा, प्रिंट काढून आपल्या खात्यामार्फत उच्चायुक्तालयात द्यायचा, सोबत मेडिकल सर्टिफिकेट. विमानाचं तिकीट, फी, राहणं, भत्ता सगळं भारताकडून. शिवाय २०१९ च्या करारात मालदीवच्या १००० सरकारी अधिकाऱ्यांना भारतात ट्रेनिंग द्यायचं ठरलं, ते झालं आणि २०२४ मध्ये आणखी १००० साठी करार पुढे वाढवला. मला विचाराल तर कर्ज मागायच्या आधी ही माणसं तयार करावीत, कारण बाहेरच्या कन्सल्टंटने लिहिलेला डीपीआर वाचून त्यातली चूक पकडणारा कोणीतरी खुर्चीत बसलेला पाहिजे ना.

छोटी कामं, म्हणजे एखादी अँब्युलन्स, शाळेची खोली, फेरी बोट, त्यासाठी कर्जाच्या वाटेला जाऊच नये. तिथे हाय इम्पॅक्ट कम्युनिटी डेव्हलपमेंट नावाचं अनुदान आहे.

आणि आपल्याकडचे जे कंत्राटदार, इंजिनिअर विचारतात की यात आमचा नंबर कुठे लागतो, तर तुमचा नंबर टेंडरला. एक्झिम बँक आधी कंपन्यांची पूर्वपात्रता तपासते, तेव्हा ऑडिट केलेले ताळेबंद आणि तसंच काम केल्याचे दाखले लागतात. मुंबईच्या अ‍ॅफकॉन्सला मालेला शेजारच्या बेटांशी जोडणाऱ्या ६.७४ किलोमीटरच्या पुलाचं काम २०२१ मध्ये मिळालं, ते ४० कोटी डॉलरची लाइन आणि १० कोटी डॉलरचं अनुदान अशा मिश्र पैशातून. लहान फर्म असाल तर अशा मोठ्या कंपनीचे सबकॉन्ट्रॅक्टर म्हणून जाणं जास्त जमतं, फक्त बोटीच्या भाड्याचा आकडा कोटेशनमध्ये वेगळा दाखवा.