फिलिपिन्समधील १९८६ साल

फर्दिनांद मार्कोस यांची वीस वर्षांची राजवट १९८६ मध्ये कोसळली आणि कोराझोन अक्विनो फिलिपिन्सच्या अध्यक्षा झाल्या. जगाला हे वर्ष आठवते ते २२ ते २५ फेब्रुवारी या चार दिवसांच्या जनउठावामुळे. पण त्या उठावाची ठिणगी मतमोजणीच्या दालनात पडली होती. शिवाय उठावानंतरच्या दहा महिन्यांत जे ठरले आणि जे ठरवायचे राहिले, त्याचे परिणाम तो देश आजही भोगतो आहे. त्यामुळे हे वर्ष सबंध पाहायला हवे.

मार्कोस १९६५ मध्ये निवडून आले. सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी लष्करी कायदा पुकारला. तो १९८१ मध्ये कागदोपत्री उठला, तरी विशेषाधिकार त्यांच्याच हाती राहिले. विरोधी नेते बेनिग्नो (निनॉय) अक्विनो परदेशातून परतले, तेव्हा २१ ऑगस्ट १९८३ रोजी मनिला विमानतळावर विमानातून उतरवताच त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. तोवर देशही कर्जात बुडाला होता. अमेरिकेचा विश्वास डळमळतो आहे हे दिसताच मार्कोस यांनी ३ नोव्हेंबर १९८५ रोजी एका अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमात मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली. निनॉय यांच्या पत्नी कोराझोन यांनी उभे राहण्यासाठी दोन अटी घातल्या होत्या : मुदतपूर्व निवडणूक लागावी आणि दहा लाख लोकांनी सह्या करून मागणी करावी. दोन्ही पूर्ण झाल्या. दुसरे विरोधी नेते साल्वादोर लॉरेल यांनी अध्यक्षपदावरचा दावा सोडून उपाध्यक्षपदाची उमेदवारी घेतली.

मतदान ७ फेब्रुवारीला झाले. मतदारयाद्यांतून नावे गायब होती, पेट्या पळवल्या गेल्या, मतदारांना पैसे वाटले गेले. मोजणी दोन ठिकाणी चालली होती. एकीकडे सरकारी निवडणूक आयोग (कोमेलेक) आणि दुसरीकडे नाम्फ्रेल ही नागरिकांची संघटना. नाम्फ्रेलचे स्वयंसेवक केंद्राकेंद्रावर पेट्यांना पहारा देऊन बसले होते. ९ फेब्रुवारीच्या रात्री आयोगाच्या मोजणी केंद्रात सुमारे ३५ संगणकचालक जागेवरून उठले आणि बाहेर पडले. त्यांत तरुण स्त्रिया बऱ्याच होत्या. आपण यंत्रात भरतो ते आकडे आणि समोरच्या फलकावर झळकणारे आकडे जुळत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले होते. हातात डिस्केट आणि छापील कागद घेऊन ते परदेशी वार्ताहरांच्या देखत निघाले आणि त्यांनी बाक्लारानच्या चर्चमध्ये आसरा घेतला. त्यांच्या म्होरक्या लिंडा कापुनान यांचे पती सैन्यातल्या असंतुष्ट अधिकाऱ्यांच्या गटात होते. त्यामुळे ही कृती कितपत उत्स्फूर्त होती, असा प्रश्न पुढे विचारला गेला. तो रास्त आहे, पण त्याने त्यांचे धाडस उणे होत नाही. हुकूमशाहीच्या खुद्द मोजणीघरातल्या माणसांनी हा हिशेब खोटा असल्याचे कृतीने सांगितले आणि त्या रात्रीपासून मार्कोस यांचा विजय कोणालाच खरा वाटेना.

दोन दिवसांनी आंतिके प्रांतात अक्विनो यांचे समर्थक, माजी गव्हर्नर एवेलियो हावियेर यांची भर दिवसा हत्या झाली. १३ तारखेला कॅथलिक बिशपांच्या परिषदेने निवडणूक लबाडीची ठरवली आणि लबाडीने टिकवलेल्या सत्तेला नैतिक अधिष्ठान नसते, असे पत्रक काढले. बहुसंख्य प्रजा कॅथलिक असलेल्या देशात याचे वजन मोठे होते. तरीही १५ तारखेला संसदेने (बातासांग पाम्बान्सा) मार्कोस यांना १ कोटी ८ लाख विरुद्ध ९३ लाख मतांनी विजयी घोषित केले. दुसऱ्याच दिवशी लुनेता मैदानावरच्या प्रचंड सभेत अक्विनो यांनी असहकार पुकारला. मार्कोस यांच्या बगलबच्च्यांच्या बँकांतून ठेवी काढा, त्यांची वृत्तपत्रे घेऊ नका, सान मिगेल कंपनीची बिअरसुद्धा पिऊ नका. लोकांनी हे मनावर घेतले आणि बँकांतून पैसा भराभर बाहेर पडू लागला.

२२ फेब्रुवारीला संरक्षणमंत्री हुआन पोन्से एन्रिले आणि उपसेनाप्रमुख फिदेल रामोस यांनी मार्कोस यांची साथ सोडली आणि कॅम्प अग्विनाल्दो व कॅम्प क्रामे या लष्करी तळांत ठाण मांडले. त्यांच्याजवळ सैनिक मोजकेच होते. त्या रात्री मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल हाइमे सिन यांनी चर्चच्या रेडिओ व्हेरितासवरून त्यांच्या मदतीला जाण्याचे आवाहन केले आणि तळांसमोरचा एद्सा हा हमरस्ता माणसांनी भरून गेला. २३ तारखेला दुपारी ओर्तिगास चौकाजवळ मरीन दलाचे रणगाडे गर्दीसमोर येऊन थांबले. जपमाळ हाती धरून जोगिणी रस्त्यावर गुडघे टेकून बसल्या, बायाबापड्यांनी सैनिकांपुढे फुले, सिगारेटी आणि खाणे धरले. रणगाडे पुढे सरकले नाहीत. रेडिओ व्हेरितासचे प्रक्षेपक मार्कोसनिष्ठांनी फोडून टाकले, तेव्हा निवेदिका जून कीथली यांनी दुसऱ्या केंद्रावरून रात्रभर लोकांपर्यंत खबर पोचवली. त्याच वर्षी रेडिओ व्हेरितासला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आदल्या वर्षी तो बाबा आमटे यांना मिळाला होता. २४ तारखेच्या पहाटे कर्नल अन्तोनियो सोतेलो यांची हेलिकॉप्टरे कॅम्प क्रामेवर हल्ला करण्याऐवजी तिथेच उतरली आणि बाजी पालटली.

२५ फेब्रुवारीला देशात दोन शपथविधी झाले. अक्विनो यांनी लष्करी तळावर शपथ घ्यायला नकार दिला आणि जवळच्या क्लब फिलिपिनोमध्ये न्यायमूर्ती क्लाउदियो तीहांकी यांच्यासमोर ती घेतली. बायबल त्यांच्या सासूबाईंनी धरले होते. सत्ता सैन्याच्या कृपेने मिळाली असे दिसू नये, हा त्यामागचा विचार होता. पुढचे महिने पाहता तो दूरदृष्टीचा ठरला. मार्कोस यांनी मालाकान्यांग राजवाड्यात शपथ घेतली, पण तिचे प्रक्षेपण अर्ध्यावरच बंद पडले. रात्री अमेरिकी हेलिकॉप्टरांनी त्यांना सहकुटुंब फिलिपिन्समधल्याच क्लार्क या अमेरिकी हवाई तळावर नेले. तिथून ते ग्वामला आणि पुढे हवाईला गेले.

नव्या सरकारने २८ फेब्रुवारीला, पहिल्याच कार्यकारी आदेशाने, मार्कोस कुटुंबाची बेकायदा संपत्ती हुडकण्यासाठी होवितो सालोंगा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. मार्चमध्ये स्वित्झर्लंडने त्यांची खाती गोठवली. कम्युनिस्ट नेते होसे मारिया सिसोन यांच्यासह राजकीय कैदी सुटले. २५ मार्चला अक्विनो यांनी जुनी राज्यघटना आणि संसद रद्द करून हंगामी घटना लागू केली. प्रांतोप्रांतीचे निवडून आलेले गव्हर्नर आणि महापौर हटवून प्रभारी नेमले गेले. मतपेटीच्या नावाने आलेल्या सरकारने नेमणुकांवर कारभार चालवावा, यावर टीका झाली आणि ती चुकीची नव्हती.

घटना आयोग २ जूनला बसला. अध्यक्षा होत्या सेसिलिया मुन्योस-पाल्मा, आणि सदस्यही अक्विनो यांनीच नेमलेले. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मसुदा तयार झाला. मार्कोस यांचा अनुभव त्याच्या कलमाकलमांत दिसतो. अध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत मिळेल. लष्करी कायदा पुकारला तर तो साठ दिवसांपुरता, काँग्रेसला तो रद्द करता येईल आणि न्यायालयाला तपासता येईल. १९९१ नंतर परकीय तळ हवे असतील तर सिनेटची संमती लागेल. जमिनीच्या प्रश्नावर मात्र आयोग अडखळला आणि धारणेची मर्यादा पुढच्या काँग्रेसवर सोडून दिली गेली. अक्विनो यांचे माहेर, कोहुआंको घराणे, तार्लाक प्रांतातल्या सुमारे साडेसहा हजार हेक्टरांच्या हासिएन्दा लुइसिता या ऊसमळ्याचे मालक होते. जमीन सुधारणा ही या वर्षातली सर्वांत मोठी हुकलेली संधी म्हणावी लागेल, कारण तेव्हा कायदे करण्याचा अधिकार एकट्या अक्विनो यांच्या हाती होता. आयोगातले शेतकरी नेते हायमे तादेओ यांनी मसुद्याच्या विरोधात मत दिले. जानेवारी १९८७ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली मोर्चा मेन्दिओला पुलाजवळ पोचला, तेव्हा सुरक्षा दलांनी गोळीबार केला आणि किमान १२ आंदोलक मारले गेले.

सैन्यही शांत नव्हते. ६ जुलैला मार्कोस यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार आर्तुरो तोलेन्तिनो यांनी काहीशे सैनिकांच्या बळावर मनिला हॉटेलात स्वतःला हंगामी अध्यक्ष जाहीर केले. बंड दोन दिवसांत विरले. सहभागी सैनिकांना शिक्षा काय झाली, तर तीस जोर काढण्याची. ही सौम्यता महागात पडली. नोव्हेंबरमध्ये कामगार नेते रोलान्दो ओलालिया यांची निर्घृण हत्या झाली, पाठोपाठ एन्रिले यांच्या निकटच्या अधिकाऱ्यांचा उठावाचा कट फुटला आणि २३ तारखेला अक्विनो यांनी एन्रिले यांना मंत्रिपदावरून दूर केले. त्याच सुमारास कम्युनिस्ट बंडखोरांशी साठ दिवसांचा युद्धविराम ठरला. तो १० डिसेंबरपासून अमलात आला, पण टिकला नाही. त्याआधी, ५ सप्टेंबरला, अक्विनो स्वतः जोलो बेटावर जाऊन मोरो या दक्षिणेतल्या मुस्लिम समाजाचे बंडखोर नेते नूर मिसुआरी यांना भेटल्या होत्या. १८ सप्टेंबरला अमेरिकी काँग्रेससमोर त्यांचे भाषण झाले आणि लगेच प्रतिनिधिगृहाने २० कोटी डॉलरची मदत अगदी थोड्या मतांच्या फरकाने मंजूर केली.

नव्या घटनेला २ फेब्रुवारी १९८७ च्या सार्वमतात तीनचतुर्थांशांहून अधिक मते मिळाली आणि तीच घटना आजही लागू आहे. मार्कोस यांचे चिरंजीव फर्दिनांद (बाँगबाँग) मार्कोस २०२२ मध्ये अध्यक्षपदी निवडून आले. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये गोठवलेल्या खात्यांतला पैसा बऱ्याच कज्ज्यांनंतर फिलिपिन्सला परत मिळाला. त्यातले १० अब्ज पेसो २०१३ च्या कायद्याने मार्कोस काळातल्या छळाच्या बळींसाठी राखून ठेवण्यात आले आणि छाननीअंती ११,१०३ जणांचे दावे मान्य झाले.