घटणारा हप्ता आणि न घटणारं कर्ज

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे ठळकपणे छापलेले असतात: एकूण थकबाकी आणि किमान देय रक्कम. पहिला पाहून छातीत धस्स होतं, दुसरा पाहून हायसं वाटतं. कर्ज वर्षानुवर्षं रेंगाळतं ते बरेचदा या दुसऱ्या आकड्यामुळे.

चलन कुठलंही असो, थकबाकी १०० धरा. व्याज महिन्याला ३ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं आणि काहीच न भरल्यास दोन वर्षांत कर्ज दुप्पट होतं. किमान देय रक्कम थकबाकीच्या ५ टक्के आहे असं समजू. महिनाअखेरीस व्याजासह १०३ झाले. त्याचे ५ टक्के म्हणजे ५.१५. त्यातले ३ व्याजातच गेले, मुद्दल उतरलं फक्त २.१५ ने. पुढच्या महिन्यात थकबाकी जराशी कमी, म्हणून किमान रक्कमही कमी: ५.०४. मग आणखी कमी. असं इमानेइतबारे भरणाऱ्या माणसाने ३२ महिन्यांत एकूण सुमारे १२० भरलेले असतात, आणि तरीही जवळपास ५० डोक्यावर असतात.

आता एकच बदल करा. पहिल्या महिन्यात भरले तेच ५.१५ दर महिन्याला भरत राहा, बिलावरची किमान रक्कम कितीही उतरो. तिसाव्या हप्त्याला कर्ज संपतं. एकूण भरणा सुमारे १५२. ना जास्तीची कमाई, ना पहिल्या महिन्यापेक्षा कणभर अधिक काटकसर.

इतकं सोपं असेल तर लोक तसं का करत नाहीत? आळस किंवा बेफिकिरी हे उत्तर तोंडावर येतं, पण ते अपुरं आहे. १९७४ साली आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी एका गमतीशीर प्रयोगाची हकिगत प्रसिद्ध केली. १० किंवा ६५ वरच थांबेल असं चाक फिरवायचं आणि मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांच्या अंदाजांचा मध्यक, म्हणजे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा अंदाज, २५ निघाला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चाकाचा उत्तराशी काडीचाही संबंध नव्हता, तरी समोर आलेल्या आकड्याने अंदाज आपल्याकडे ओढला. मानसशास्त्रज्ञ नील स्टुअर्ट यांनी २००९ मध्ये हाच धागा कार्डाच्या बिलाशी जोडला. बिलावर किमान रक्कम छापलेली दिसली की पूर्ण बिल न भरणारे लोक, ती न दिसलेल्यांपेक्षा कमी पैसे भरायला तयार होतात. म्हणून बँकेत कायम सूचना देऊन ठरावीक रक्कम आपोआप जाऊ द्यावी. दर महिन्याला त्या आकड्याशी नजरानजरच नको.

कर्जं अनेक असतील तेव्हा न घटवता कायम ठेवायची ती सगळ्या हप्त्यांची बेरीज. एक कर्ज फिटलं की त्याचा हप्ता खर्चाकडे न वळवता पुढच्या कर्जावर टाकायचा. आधी कोणतं फेडायचं, यावर मात्र दोन तट आहेत. गणित म्हणतं, सर्वांत चढ्या व्याजाचं: जादाचे १०० महिना १ टक्क्याच्या कर्जात घातले तर महिन्याला १ वाचतो, ३ टक्क्यांच्या कर्जात घातले तर ३. दुसरा पक्ष म्हणतो, सर्वांत लहान कर्ज आधी मिटवा, उत्साह टिकतो. सिंगापूरमधल्या अल्प उत्पन्नाच्या कर्जदारांवरचा २०१९ मधला अभ्यास या पक्षाच्या बाजूने बोलतो. कर्जमाफीनंतर त्यांची चिंता कमी झाली, विचारशक्तीच्या चाचण्यांत चुका कमी झाल्या; आणि माफ झालेली रक्कम सारखी असली तरी ज्यांची जास्त खाती बंद झाली त्यांना जास्त फायदा झाला. माझं मत विचाराल तर व्याजदर जवळपास सारखे असतील किंवा छोटं कर्ज दोन-तीन महिन्यांत मिटणार असेल तरच ते आधी. एरवी दर बघा. सर्वांत वाईट म्हणजे ज्याची थकबाकी मोठी त्याला मोठा वाटा, अशी वाटणी. ब्रिटनमधल्या कार्डधारकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा बरेच जण नेमकं हेच करताना आढळले.

महागडं कर्ज स्वस्त कर्जात बदलणं उत्तम, पण तिथेही हप्त्यावर डोळा ठेवा. तेच १०० महिना सव्वा टक्क्याने घेऊन ५.१५ भरत राहिलात तर तेविसाव्या हप्त्याला मोकळे, व्याज सुमारे १५. ‘सुटसुटीत’ २.३८ चा हप्ता ६० महिने भरलात तर व्याज सुमारे ४३. शिवाय रिकाम्या झालेल्या जुन्या कार्डावर पुन्हा खरेदी सुरू झाली तर दुष्काळात तेरावा महिना.

थोडी शिल्लक बाजूला ठेवणं हिशेबात चुकीचं दिसतं, कारण बचतीवर मिळणारं व्याज कर्जाच्या व्याजापुढे नगण्य असतं. तरीही महिनाभराच्या आवश्यक खर्चाइतके पैसे हाताशी असावेत. नाहीतर पहिलंच आजारपण त्याच ३ टक्क्यांच्या कार्डावर जातं, आणि मागची थकबाकी असताना बहुतेक कार्डांवर नव्या खर्चाला बिनव्याजी मुदत मिळत नाही. व्याज त्याच दिवसापासून चालू होतं.

हे सगळं निदान व्याज भरून काही उरतं अशांसाठी. हप्त्यातून व्याजही भागत नसेल तर क्रम कुठलाही लावा, कर्ज वाढतच जाणार. तिथे हप्ता चुकण्याआधीच कर्ज देणाऱ्याशी बोलून दर किंवा मुदत नव्याने ठरवून घ्यावी लागते, आणि जे ठरेल ते लेखी घ्यावं लागतं.