फ्रिट (टाइलवरील झिलईची काच)

सिरॅमिक टाइलच्या झिलईसाठी आधीच वितळवून तयार केलेली काच. सिलिका, फेल्डस्पार (एक खनिज), चुनखडी, बोरॅक्स किंवा बोरिक आम्ल, झिंक ऑक्साइड यांचे मिश्रण सुमारे १४००–१५५०° से. तापमानाला वितळवून तो रस एकदम पाण्यात सोडतात, तेव्हा त्याचा काचचुरा होतो. हा चुरा थोड्या चिनी मातीबरोबर बॉल मिलमध्ये (गोट्या भरलेल्या फिरत्या पिंपात) ओला दळला की लेप तयार होतो. बोरॅक्स व सोडा पाण्यात विरघळतात. कच्चे वापरले तर पाण्याबरोबर टाइलच्या अंगात, म्हणजे झिलईखालच्या मातीच्या थरात, मुरतात. फ्रिटच्या काचेत ते बांधले जातात. वायूही आधीच निघून गेलेले असल्याने रोलर भट्टीतील झटपट भाजणीत झिलईवर बुडबुडे कमी धरतात. पांढऱ्या अपारदर्शक झिलईसाठी झिर्कॉन हे खनिज घालतात.

उगमाबाबत मतभेद आहेत. इजिप्तमधील झिलईदार फायान्स (दळलेल्या क्वार्ट्झच्या वस्तू) साधारणपणे इ. स. पू. चौथ्या सहस्रकापर्यंत मागे नेला जातो. मात्र स्वतंत्र काच त्याच तंत्रातून निघाली की धातू गाळण्याच्या भट्टीतील मळीतून, याचा निर्णय झालेला नाही. दख्खनपुरता वाद बहमनी टाइलकामाचा आहे. बीदरच्या महमूद गावान मदरशाच्या (१४७२) रंगीत टाइल इराणातून आणल्या, की तिकडच्या कारागिरांनी येथेच भाजल्या? इराणातील काशानच्या अबुल कासिमने १३०१ च्या सुमारास लिहिलेल्या प्रबंधात दहा भाग दळलेले क्वार्ट्झ, एक भाग फ्रिट व एक भाग माती असे प्रमाण दिले आहे. म्हणजे त्या परंपरेत फ्रिट लेपापुरते नसून भांड्याच्या अंगातही होते. असे ज्ञान माणसांबरोबर प्रवास करू शकते, आणि ठिसूळ माल जहाजातून व पुढे घाट चढवून आणण्यापेक्षा कारागीर आणणे सोपे. त्यामुळे दुसरे मत अधिक संभाव्य दिसते.

सोलापूरचा भुईकोट किल्लाही बहमनी काळातला मानला जातो. त्याचे काम दगडी आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्ट व काळ्या मातीचा असल्याने टाइलधंद्याला लागणारी पांढरी माती व फेल्डस्पार येथे सहज मिळत नाही. जुन्या घरांत शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातली शहाबादी फरशी असे. आता गुजरातेतील मोरबीची टाइल आली आहे.

भिंतीच्या टाइलवर काही वर्षांनी उमटणाऱ्या केसतड्यांचा दोष सोलापूरच्या उन्हाळ्याला देणे बरोबर नाही. झिलईचे उष्णतेने होणारे प्रसरण अंगापेक्षा किंचित कमी ठेवतात, त्यामुळे थंड झाल्यावर ती दाबाखाली राहते. सच्छिद्र अंग हळूहळू ओलावा शोषून फुगते, हा दाब संपून ताण येतो आणि झिलई तडकते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काढायला वापरलेले ॲसिड हा वेगळा प्रश्न: चकचकीत झिलई ते बरेच सोसते, पण कॅल्शियम व झिंकचे स्फटिक असलेली मॅट झिलई झिजून खरखरीत होते व मळ धरते.