कोरड्या संडासाला वास येतो, हा गैरसमज

‘पाणी ओतलं नाही तर संडास घाण मारणारच’, हे वाक्य इतक्या वर्षांपासून ऐकू येतंय की पूर येणाऱ्या गावांतही लोक खड्ड्याचाच संडास मागतात. पण वास पाण्याच्या अभावाने येत नाही. लघवी आणि मैला एकत्र येऊन ओले राहिले की कुजतात, त्याची ती दुर्गंधी असते.

कोरड्या संडासात पाणी ओतत नाहीत, लघवी आणि मैला वेगळे ठेवतात. त्याचं भांडं नीट पाहा. पुढे लघवीसाठी उतार आणि नळी, मागे मैल्यासाठी भोक. धुण्याची जागा बाजूला, त्या पाण्याची वाट वेगळी. ही वाट नसेल तर बांधूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मैल्यावर दर वेळी मूठभर कोरडी राख टाकायची. राख ओल शोषते, माश्याही बसत नाहीत.

पुरात खरा घात खड्डा करतो. भूजल वर चढतं, खड्डा तुंबतो आणि मैला थेट विहिरीत, अंगणात पोचतो. कोरड्या संडासाच्या दोन बंद टाक्या जमिनीच्या वर, पूररेषेपेक्षा उंच बांधतात. एक भरली की बंद करून दुसरी वापरायची. व्हिएतनामच्या खेड्यांत अशा दोन टाक्यांचे संडास गेल्या शतकापासून आहेत.

बंद टाकीतल्या मैल्याचं खत होतं, पण घाई नको. जंतांची अंडी चिवट असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शनानुसार थंड हवेत दीड ते दोन वर्षं, उष्ण हवेत वर्षाहून जास्त काळ टाकी बंद ठेवावी. मगच ते खत शेतात न्यावं.